विकलेली बरणी

"चमच्यानं नाही, किल्लीनं ढवळायचं. आणि वाडग्यावर वाकून रडायचं नाही. बसीस्यात मीठ नसतं."

आई हे अंथरुणावरून सांगत होती आणि मी तिच्या पायांना तेल चोळत होते. पुरीमचा सण नुकताच होऊन गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण आईनं सूचना देणं सोडलं नव्हतं.

"कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"किल्लीनं ढवळायचं, रडायचं नाही."

"आणि शाळेत जायचं. मी जायची तसं. ही बरणी घेऊन. माझ्या हातचं पीठ आहे, याच्याऐवजी दुसरं न्यायचं नाही."

"जाईन, आई. हीच बरणी घेऊन जाईन."

तिनं मिटलेला एक डोळा उघडला. "म्हणाली नाहीस!"

"काय?"

"'हा नवस नव्हे' असं म्हणाली नाहीस. सापडलीस!" आणि खोकला येईपर्यंत हसली.

मी तेलाची वाटी हातात घेऊन तशीच बसले. आमच्याकडे देवाला भिऊन वागणारं माणूस उद्या दूध आणते इतकं जरी बोललं, तरी शेवटी 'हा नवस नव्हे' असं पुटपुटतं. चुकून दूध आणायचं राहून गेलं तर परमेश्वरापुढं मोडलेला नवस ठरू नये, म्हणून. मला तर ती सवयच आहे. रहमीन, माझा नवरा, म्हणतो की लग्नात होकार देतानाही मी ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले असणार. जन्मभर इतकं जपून बोलले आणि नेमकी आईपुढं विसरले.

"पण आई, माझा आवाज कुठं पोचतो? नववीची मुलं ती."

हे खरंच होतं. दुकानात माझ्या मागून आलेली माणसं सामान घेऊन घरी पोचतात, तेव्हा दुकानदाराला मी दिसते.

"नाही पोचला तर जवळ येतील," आई म्हणाली. "जवळ आली की सांग, बोटं बुडवा म्हणून."

आई म्हणजे खमीसा. लिबियातल्या बेनगाझीत जन्मली, इथं रमला शहरात म्हातारी झाली. निसान महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी आम्हा लिबियाकडच्या यहुद्यांच्या घरात बसीसा होतो. गहू आणि जव भाजून दळायचे, त्यात धणे, जिरं, साखर, खजूर घालायचे, आणि वाडग्यात घराची किल्ली खोचायची. वरून तेलाची धार धरायची आणि घरातल्या प्रत्येकानं किल्लीनं ढवळायचं. जो किल्लीवाचून दारं उघडतो, त्यानं आम्हालाही द्यावं आणि आमच्या हातून दुसऱ्याला मिळावं, एवढंच मागणं. मग बोटं चाटायची. आमच्या घरची किल्ली बेनगाझीच्या घराची होती. हाताएवढी, काळी. ते घर कधीच गेलं, कुलूपही गेलं असेल. किल्ली तेवढी राहिली.

आईनं हे शाळेत नेलं त्याला बरीच वर्षं झाली. यहुद्यांच्या संहाराचा स्मृतिदिन वल्हांडणाच्या सणानंतर काही दिवसांनी येतो. त्या दिवशी शाळेत पोलंडहून आलेले एक आजोबा बोलत असत. एका वर्षी ते आजारी पडले आणि कुणीतरी आईचं नाव सुचवलं. तेव्हाच्या बाई गोंधळून म्हणाल्या, "पण आजी, लिबियात? ते तर युरोपात घडलं ना?"

"हो का?" आई म्हणाली. "मग त्या इटालियन पहारेकऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं. उगाच उन्हात उभे राहिले बिचारे."

त्या वर्षापासून ती दर वर्षी गेली. मागच्या बाकावर मी असायची, तेलाची बाटली धरून.

ती मुलांना सांगायची, "आमच्या गल्लीतल्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगानं लिहिलं होतं. मी सहा वर्षांची. मला वाचता येत नव्हतं. हमानी, माझा मोठा भाऊ, त्याला इटालियन यायचं. मी विचारलं, काय लिहिलंय रे? तो म्हणाला, 'इथं ताजा पाव मिळतो.' मला इतकं खरं वाटलं की रोज ती भिंत बघितली की भूक लागायची."

मुलं हसायची. आई त्यांना पोटभर हसू द्यायची. मग सांगायची की एक दिवस ट्रक आले. रणरणत्या माळावरची जादो नावाची छावणी, तारेचं कुंपण, एका पडवीत किती तरी कुटुंबं, मधे फक्त चादरी टांगलेल्या. मूठभर पाव दिवसाला. मग तापाची साथ आली. माणसं रोज मरायला लागली आणि त्यांत हमानी गेला. ते ती एका वाक्यात सांगायची, तिथं थांबायची नाही.

"मोठेपणी मी इटालियन शिकले. तेव्हा ती अक्षरं डोळ्यांपुढं आली आणि पहिल्यांदा वाचता आली. आम्हा सगळ्यांचं मरण मागितलं होतं भिंतीवर. अक्षर मात्र सुरेख होतं."

आता कुणी हसायचं नाही. पण आई वर्ग तसा गप्प ठेवून निघून जायची नाही. ती वाडगा पुढं ओढायची.

"मग इंग्रज आले, पहारेकरी पळाले. पण ताप होता म्हणून आम्हाला तिथंच थांबवलं. निसान लागायची संध्याकाळ आली. माझी आई किल्ली हातात घेऊन फाटकाशी बसली. पीठ नव्हतं. डोंगरातली एक बाई पाठीवर लाकडं घेऊन चालली होती. मुसलमान होती. तिनं विचारलं, 'कसली किल्ली?' आई म्हणाली, 'आज हिनं पीठ ढवळतात. पीठ नाही.' त्या बाईनं पदराची गाठ सोडली. तिची शिदोरी होती ती, भाजलेल्या जवाचं पीठ. त्यातलं ओंजळभर आईच्या हातावर ओतलं. म्हणाली, 'आमच्यातही खातात हे. ढवळ.' आणि गेली. आईनं नाव विचारलं नाही. ती रुखरुख तिला मरेपर्यंत होती."

मग ती मला खूण करायची, मी धार धरायची, आणि चाळीस मुलं किल्लीवर तुटून पडायची. वर्गभर पीठ. बाई कपाळाला हात लावायच्या. एकदा एका मुलीनं बोट चाटता चाटता विचारलं, "आजी, तुम्हाला त्यांचा राग येत नाही?" आई म्हणाली, "येतो की. पण राग आला की मी स्वयंपाक करते. द्वेषाचं तसं नाही. तो ज्याला येतो त्याला रिकामा बसवतो आणि भिंती घाण करायला लावतो."

भिंतीचं तिला ठाऊक होतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अनीस आणि विदाद राहतात. मुसलमान. तो बसगाड्या दुरुस्त करायचा, आता निवृत्त झालाय. तीस वर्षांचा शेजार आहे. एकदा गावात वाईट आठवडा गेला, दगडफेक झाली, आणि सकाळी त्यांच्या दाराशेजारी फवाऱ्यानं लिहिलेलं दिसलं, 'अरबांना मरण.' ऐंशी ओलांडलेली माझी आई कपडे धुवायचा ब्रश आणि बादली घेऊन खाली उतरली आणि भिंत घासायला लागली.

अनीस धावत बाहेर आला. वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो आईला आदरानं हज्जा म्हणायचा. "हज्जा, राहू द्या! मी रंग लावतो दुपारी."

"तुझ्या नातीनं विचारलं का, काय लिहिलंय म्हणून?"

तो बादली उचलायला वाकला.

"विचारलं. मग काय सांगितलंस?"

"सांगितलं… आइस्क्रीमची जाहिरात आहे."

आई ब्रश घेऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "पावापेक्षा बरं सांगितलंस," आणि पुन्हा उठून घासायला लागली. त्या दिवशी अनीसनं पाणी बदलून दिलं आणि विदादनं साबण. भिंत पांढरी झाली, आईचा ब्रश मात्र कामातून गेला.

आई गेली. शोकाचे सात दिवस सरले. निसानच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका बरणीतल्या पिठाचा बसीसा केला. दुसरी बरणी, शाळेची, फडताळात होती. आईनं आजारी पडायच्या आधी ते पीठ भाजलं होतं. आणि समोर वल्हांडण उभा होता.

वल्हांडणात बेखमीर भाकर सोडली तर घरात गव्हाजवाचा कणही चालत नाही. सगळं खमीर, म्हणजे असलं पीठ-पाव, संपवायचं, जाळायचं, नाहीतर परक्या धर्माच्या माणसाला विकायचं. बहुतेक लोक रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, कागदावर सही करतात. रब्बी सगळ्यांचं मिळून कुणाला तरी विकतात आणि सण संपला की परत घेतात. डबे मात्र आपापल्या कपाटात कुलपात असतात. मला ते कधी मानवलं नाही. माझं आपलं साधं असतं. मी काही शिल्लकच ठेवत नाही.

"मग जाळ ती बरणी," रहमीन म्हणाला.

मी बरणी त्याच्यापासून लांब सरकवली.

"बरं, मग कागदावर सही कर. सगळा देश करतो."

"ते नावापुरतं विकणं. नवसाचं पीठ आहे, रहमीन. त्याला नावापुरतं कसं चालेल?"

"मग खरोखरचं वीक!" तो वैतागून म्हणाला आणि पावाचे कण शोधायला सोफ्याखाली शिरला.

मला ते पटलं. मी बरणी घेऊन तळमजल्यावर गेले.

अनीसला मी सगळं नीट समजावलं. म्हणजे मला वाटलं नीट. पीठ कशासाठी राखलंय हे मात्र सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर तो जपून ठेवायचा विचार करणार, आणि मग ते विकणं कसलं?

"तुम्ही मनापासून विकत घ्यायला हवं," मी म्हटलं. "अगदी तुमचं व्हायला हवं. तुम्हाला मनातून आपलं वाटलं नाही, तर माझी विक्री होत नाही."

"म्हणजे खरंच माझं?"

"खरंच तुमचं."

"खाली ठेवू का? माझ्या घरात?"

"तुमचंच आहे. कुठंही ठेवा."

त्यानं खिशातून एक नाणं काढून मोठ्या अदबीनं माझ्यापुढं मेजावर ठेवलं आणि बरणी उचलली. मी वर आले. जिने चढताना एकदाच वाटलं की आपण काहीतरी सांगायचं विसरलो. पण सणासाठी ओट्याला कागद लावायचे होते.

सणाच्या आदल्या दिवशी शाळेतून फोन आला. नव्या बाई होत्या, शुलमीत नावाच्या. आवाज गोड, पण घाईचा. "आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. यंदा आम्ही मुलांना चित्रफीत दाखवू म्हणतोय. तुम्हाला कशाला त्रास?"

"मी येणार आहे."

"काय म्हणालात?"

"येणार आहे."

"जरा मोठ्यानं बोलता का?"

"येणार आहे!" मी ओरडले. रहमीन न्हाणीघरातून धावत आला. त्यानं माझा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"बरं, बरं," शुलमीत म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतः काही भोगलेलं नाही, म्हणून विचारते. तुमच्याजवळ सांगायला काय असेल?"

"आईच्या हातचं पीठ आहे," मी म्हटलं.

पलीकडं त्यांनी कसलेसे कागद चाळले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पिठासाठी या. नाहीतर चित्रफीत आहेच."

वल्हांडण छान गेला. आई नसलेली पहिली जेवणाची रात्र होती, पण नातवंडांनी गाण्यांनी घर डोक्यावर घेतलं. मधल्या दिवसांत एका सकाळी मी स्तोत्रं वाचत बसले होते. रोज न्याहारीआधी मी ठरलेली स्तोत्रं वाचते आणि त्यानंतर नऊ ते अकरा कुणाबद्दल वाकडं बोलत नाही. रहमीन म्हणतो की उरलेला दिवसही कुणाला ऐकू जात नाही, तेव्हा हे व्रत दिवसभराचंच आहे.

तर मी वाचत होते आणि जिन्यातून वास आला. भाजलेलं पीठ, धणे, वर ताजं तेल. माझ्या लहानपणाचा वास, वल्हांडणाच्या ऐन मध्यात.

रहमीननं नाक वर केलं. मी नाक वर केलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"हा तर तुझ्या आईचा…"

"बोलू नकोस."

"अगं, तो खातोय!"

मी घड्याळाकडं बोट दाखवलं. सव्वानऊ झाले होते. रहमीन कोचावर आडवा होऊन उशीत तोंड घालून हसायला लागला. मी स्तोत्र पुढं वाचायला घेतलं. पण कोणतं वाचत होते ते आठवेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

काय बोलणार? पीठ त्याचं होतं. मीच त्याला बजावून सांगितलं होतं.

पण त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. नवस केला होता तो त्या बरणीचा. दुसरं पीठ न्यायचं नाही असं ती म्हणाली होती आणि मी हो म्हटलं होतं. पीठच नसेल तर आईला दिलेला शब्द मोडतो, परमेश्वराला केलेला नवस मोडतो, आणि शाळेत चित्रफीत लागते.

"तीन माणसं बोलाव, नवस सोडवून घे," रहमीन म्हणाला. "प्रार्थना झाली की कोपऱ्यात पाच मिनिटांत होतं."

"कारण सांगावं लागतं त्यांना. काय सांगू? शेजाऱ्यानं चाटून खाल्लं?"

"खरं तेच सांग."

"आणि नवस सुटला तरी आई सुटते का?"

त्यावर तो हसला नाही.

सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. अनीस इस्त्रीचा सदरा घालून उभा होता, त्याच्यामागं विदाद, हातात कापडानं झाकलेलं काहीतरी घेऊन.

"ओराताई," अनीस म्हणाला, "सण झाला. आता मी तुम्हाला पीठ परत विकायचं, असं असतं ना? माझ्या मित्रानं सांगितलं. मला आधी ठाऊकच नव्हतं."

"असतं. पण…"

"पण ते उरलं नाही." तो मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही म्हणालात, मनातून आपलं वाटलं नाही तर विक्री होत नाही. मी चार दिवस बरणीकडं बघत बसलो. मला ती हज्जाचीच वाटत राहिली. म्हटलं, ताईंचा धर्म माझ्यामुळं बिघडायचा. शेवटी विदादला म्हटलं, कर काहीतरी याचं. खाल्ल्याशिवाय आपलं वाटायचं नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी खाल्लंत?"

"तुमच्यासाठीच! नातवंडांनीही तुमच्यासाठीच खाल्लं. दोन-दोनदा."

रहमीन आत पळाला. स्वयंपाकघरातून त्याच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

मी हसले असेन, पण डोळेही भरून आले असावेत, कारण विदाद एकदम म्हणाली, "काय झालं? त्यात काही होतं का?" तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना सांगितलं. आई, शाळा, ती डोंगरातली बाई, मी न म्हटलेले ते तीन शब्द. अनीस खुर्चीवर बसला. वर्षानुवर्षे त्यानं आईला वाडगा घेऊन जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं, पण ती कुठं जाते हे त्याला ठाऊक नव्हतं.

"या अल्ला," तो म्हणाला. "मी नवस खाल्ला."

"गप्प बस," विदाद म्हणाली. तिनं कापड काढलं. आईची बरणी होती. तिनं ती माझ्यापुढं तिरपी केली. तळाशी पीठ होतं, जेमतेम ओंजळभर.

"दुसऱ्याची बरणी मी खरवडून कधी रिकामी करत नाही," ती म्हणाली. "आणि परत द्यायची तर रिकामी नाहीच. हे तिचं आहे, तळाचं. आता वर भरायचंय. गहू मी आणलेत, जवही आणलेत. फक्त भाजायचे तुझ्या कढईत. तुमची भांडी, तुमचं पाळणं, ते मला माहीत आहे. तीस वर्षं खाली राहतेय, आंधळी नाही."

"पण ते तर खरंच तुमचं झालं होतं," मी अनीसकडं बघत म्हटलं. "मग आता हे…"

"मी दिलं," अनीस घाईघाईनं म्हणाला. "तळाचं पीठ मी तुम्हाला दिलं. विकलं नाही, दिलं. चालतं ना तुमच्यात?"

"चालतं."

"मग तो नवस कितीसा पिठाचा होता? ओंजळीचा की बरणीचा?" विदादनं विचारलं.

मी विचार केला. 'ही बरणी घेऊन,' आई म्हणाली होती. 'याच्याऐवजी दुसरं न्यायचं नाही.' तिचं पीठ तर तळाशी होतंच. त्याच्याऐवजी काही जाणार नव्हतं, त्याच्या सोबतीनं जाणार होतं. तरी मी रब्बींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे मधे विचित्र आवाज आले, आणि शेवटी म्हणाले, "जा बाई, शांत मनानं जा. आणि त्या अनीसला सांगा, या शहरात इतकी खरी विक्री आजवर झाली नसेल."

मग आमचं स्वयंपाकघर आणि आमची भांडणं.

"मंद आच ठेव."

"ठेवलीय."

"ही मंद? या आचेवर माझी आजी कोकरू भाजायची."

"विदाद, धणे कुठं टाकतेस? अजून नाही!"

"आणि बडीशेप? आमच्याकडे बडीशेप घालतात."

"बसीस्यात बडीशेप? आई उठून बसेल."

"बसू दे. विचारते तिला, बडीशेपेवाचून इतकी वर्षं बसीस्याला वास तरी कसा यायचा."

शेवटी बडीशेप घातली. थोडीशी. आमच्या पाळण्याप्रमाणं आच मी पेटवली होती, ढवळलं दोघींनी आळीपाळीनं, दळलं रहमीननं, आणि अनीसला दाराबाहेर उभं केलं, कारण तो सारखा चव बघत होता. पीठ गार झाल्यावर मी ते बरणीत ओतलं. तळाचं आणि वरचं एकमेकांत गेलं. कोणतं कुणाचं ते मलाही सांगता आलं नसतं.

"त्या डोंगरातल्या बाईचं नाव काय म्हणालीस?" विदादनं हात पुसत विचारलं.

"कुणालाच ठाऊक नाही. आजीनं विचारलं नाही."

"मुलं विचारतील."

"विचारतील तर खरंच सांगेन की ठाऊक नाही."

"ते सांग," ती म्हणाली. "पण बडीशेप कुणाची ते विचारलं, तर ते तुला ठाऊक आहे."

स्मृतिदिनाच्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. हात धुतले, स्तोत्रं वाचली. नऊला अजून अवकाश होता, पण व्रत त्या दिवशी लवकर सुरू केलं. शुलमीतबाईंबद्दल मनात काही उरलं असेल तर ते घरीच राहावं, म्हणून. रहमीननं वाडगा चादरीच्या तुकड्यात बांधून दिला.

"मी येऊ?"

"नको. तू हसवशील."

"तुझा आवाज नाही पोचला तर?"

"जवळ येतील," मी म्हटलं.

किल्ली मी घागऱ्याच्या खिशात घातली. ती इतकी जड की चालताना मांडीवर आपटायची. आईच्या खिशात ती वाजायची ते जिन्यावर आधी ऐकू यायचं, मग आई दिसायची.

तळमजल्यावर विदादचं दार उघडं होतं. ती तेलाची बाटली घेऊन उभी होती, नवी, बूच न उघडलेली. शेजारी तिची नात शाळेचं दप्तर पाठीला लावून, दात घासायचे राहिल्यासारखा चेहरा करून. भिंत पांढरी होती. नात माझ्या गाठोड्याकडं बघत म्हणाली, "ओराआजी, ते पीठ आहे का? चाटायचं?"

"दुपारी," मी म्हटलं. "उरलं तर."

"उरव," विदाद म्हणाली. "तळाला थोडं उरव."

मी मान हलवली. बाटली काखेत धरली, गाठोडं पोटाशी घेतलं आणि फाटक ढकललं. रस्त्यावर लोक कामाला निघाले होते, बेकरीसमोर रांग होती, तिथं खरोखर ताजा पाव मिळत होता. किल्ली एकदा मांडीवर आपटली. मी चालायला लागले.